अखंड छत

डोहगावात सौर विजेची काजळकाच न बसवलेलं एकच छप्पर उरलं होतं, आणि ते छतसखी रेश्मा नगरेच्या स्वतःच्या घराचं होतं.

उजनी धरणाच्या फुगवट्याचा एक चिंचोळा हात जिथं जमिनीत आत घुसलाय, लोक त्याला खाडीच म्हणतात, तिथं हे गाव आहे. वरच्या अंगाला डाळिंब-पेरूच्या बागा असलेली शेतकऱ्यांची वस्ती, खाली पाण्यालगत मासेमारांची भोईआळी. गेलं वर्षभर रेश्मा घरोघर फिरत होती. सरकारनं गावोगावी एकेक छतसखी नेमली होती. अर्ज भरून घ्यायचे, बसवणाऱ्या माणसांना छपरं दाखवायची, नंतर देखभाल बघायची, हे तिचं काम. तिनं ते मन लावून केलं होतं. आणि आता तिचा नवराच अडून बसला होता.

"जाळी कुठं वाळवू मी?" भारत म्हणाला. "काठावर टाकली की कुत्री फाडतात."

"मागच्या अंगणात तारा बांधून देते."

"अंगणात ऊन येतं का? तूच सांग."

"अहो, आपल्या एका घरापायी सगळ्या गावाची सवलत अडकलीय. लोक अजून तोंडावर बोलत नाहीत. पण बोलतील."

सकाळी रेश्मा उठली तेव्हा भारत गच्चीवरून जाळ्यांचे ढीग खांद्यावर घेऊन उतरत होता. त्यानं ती ओसरीच्या कोपऱ्यात रचली आणि म्हणाला, "बोलाव तुझ्या माणसांना."

सवलतीचं गणित असं होतं. सौर पॅनेल बसवणाऱ्याला आयकरात सूट द्यायची पद्धत जुनीच. पण खेड्यात आयकर भरणारे किती? ज्याला करच भरायचा नाही, त्याला करातली सूट घेऊन काय करायचं? यावर सरकारनं तोड काढली: सूट विकता येईल. गावानं आपली सूट एखाद्या मोठ्या कंपनीला विकायची, कंपनीनं तेवढा कर कमी भरायचा आणि बदल्यात गावाच्या छपरांचा सगळा खर्च उचलायचा. वर घरपट्टी माफ, वीज फुकट. आणि गावातलं एकही छप्पर मोकळं राहिलं नाही, तर त्या गावाला 'अखंड छत' असा दर्जा मिळायचा आणि सवलत दुप्पट व्हायची. दुपटीतला वाढीव भाग थेट गावाच्या हाती यायचा. अट एकच. छपरांचा पृष्ठभाग निर्वेध हवा. त्यावर काही चिकटवायचं नाही, रंगवायचं नाही, झाकायचं नाही. एका छपरानं अट मोडली तर दर्जा सगळ्या गावाचा जाणार, आणि पुढली पाच वर्षं परत मिळणार नाही.

काजळकाच हे नाव लोकांनी पाडलेलं. आधीची पॅनेलं निळसर असायची. पडलेल्या उन्हातला जेमतेम पाचवा हिस्सा त्यांतून वीज होऊन बाहेर यायचा. नव्या पत्र्यात एकावर एक दोन थर होते. वरचा थर उन्हातला निळा भाग पिऊन घ्यायचा, खालचा तांबडा. पृष्ठभाग इतका गुळगुळीत आणि इतका काळा, की पडलेला उजेड जवळपास परत फिरायचाच नाही. वीज दुप्पट मिळायची. डोळ्यात काजळ घालावं तशी त्या पत्र्यांनी गावाची छपरं काळीभोर झाली.

अखंड छताचा दर्जा मिळाला त्या दिवशी बाळासाहेब रणवरे सरपंचांनी ग्रामपंचायतीसमोर रेश्माचा सत्कार केला. शाल तिच्या खांद्यावर घातली ती विजाक्कानं.

विजाक्का तिची थोरली जाऊ. भारतचा मोठा भाऊ वारल्यापासून भिंतीपलीकडच्या घरात ती लेकीला, ऋचाला, घेऊन राहत होती. गावाला मिळालेल्या वाढीव सवलतीतून महिला मंडळानं बर्फाचा कारखाना आणि शीतगृह उभं केलं, आणि विजाक्का त्याची अध्यक्ष झाली. डाळिंबं, पेरू, दूध, आजूबाजूच्या गावांची मासळी, सगळं तिथं येऊ लागलं. भोईआळीतल्या बायकांना बारा महिने काम मिळालं. ऋचा सोलापूरला नर्सिंगच्या कॉलेजात गेली. आळीतली कॉलेजला जाणारी ती पहिली मुलगी. विजाक्का येताजाता रेश्माला म्हणायची, "तुझ्यामुळं झालं गं हे. माझ्या पोरीला विसरू देणार नाही मी."

पहिल्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडली, आणि तिचंही श्रेय लोकांनी रेश्मालाच देऊन टाकलं. फुगवट्याकाठच्या गावांना चिलटांचा फार जाच. उन्हाळ्यात दिवस कलला की पाण्यावरून ढगासारखी उठतात, नाकातोंडात जातात, भाकरीवर बसतात. त्या वर्षी ती गल्लीत फारशी दिसलीच नाहीत. माणसं संध्याकाळी अंगणात निवांत बसून जेवू लागली. रणवरे म्हणाले, "काचेच्या गरमीनं मरत असतील. चांगलंच आहे."

रेश्माला मात्र रोज एक नवं काम लागलं. सकाळी काचेवर राखाडी, चिकट थर साचलेला असायचा, दुधावर साय धरावी तसा. त्यानं वीज कमी व्हायची. तिनं बायकांच्या पाळ्या लावल्या. लांब दांड्याच्या कुंच्यांनी त्या छपरं धुवायच्या आणि राखाडी पाणी पन्हाळीतून गटारात जायचं. रेश्मानं तो थर एकदा चिमटीत धरून पाहिला होता. बुळबुळीत होता. परागकण असतील, असं वाटून तिनं हात धुतले.

दुसऱ्या वर्षी भारतच्या जाळ्यात मासे कमी झाले. आधी मुरी आणि आंबळी, ही बोटभर लांबीची मासळी दिसेनाशी झाली. मग तिच्यावर जगणारी वाम आणि मरळ. चिलापी तेवढी राहिली. ती शेवाळ खाऊनही जगते, आणि तिला भाव नाही. भारत लांब पल्ल्यावर जाऊ लागला. पण काठावरचं प्रत्येक गाव काजळकाचेखाली होतं, आणि जिथं जाईल तिथं त्याच्याआधी कुणी तरी जाळं टाकून हात हलवत परतलेलं असायचं. हिवाळ्यात येणारी पाखरंही थोडी उतरली आणि लवकर गेली.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला त्यानं होडी काठावर ओढून उलटी घातली आणि चाकणच्या एका कारखान्यात कामाला लागला. निघताना त्यानं काही दोष दिला नाही. दोष द्यायला त्याच्याकडे काही नव्हतंच. मासे का गेले हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"सुट्टी मिळाली की येतो," एवढंच तो म्हणाला.

त्याच उन्हाळ्यात डॉ. नाझनीन मुजावर डोहगावात आल्या. त्या पुण्याच्या एका संशोधन संस्थेत पाण्यातल्या किड्यांचा अभ्यास करायच्या. मूळच्या मिरजेकडच्या, बोलायला मोकळ्या. गावात उतरायला सोय नाही म्हणून सरपंचांनी त्यांना रेश्माकडे पाठवलं. त्या रोज होडीतून तळाचा गाळ काढून आणायच्या आणि ओट्यावर बसून चाळणीनं चाळायच्या.

"हे बघा," एका दुपारी त्या रेश्माला म्हणाल्या. चाळणीत नुसती काळी माती होती. "यात लाल अळ्या वळवळत असायला हव्यात. ओंजळभर गाळात शेकडो. चिलटांच्या अळ्या असतात त्या. माशांची पिल्लं त्यांच्यावरच मोठी होतात."

"चिलटं कमी झाल्येत आमच्याकडं. लोक खूश आहेत."

"कमी नाही झाली. ती जातायत कुठं, ते मला बघायचंय."

त्या संध्याकाळी त्यांनी काठावर तीन पसरट ताटं मांडली. एकात फुगवट्याचं हिरवट पाणी, दुसऱ्यात काजळकाचेचा तुकडा, तिसऱ्यात तसाच तुकडा, पण त्यावर बोटाबोटाएवढ्या रुंद पांढऱ्या रेघा ओढलेल्या. सूर्य टेकला तसा पाण्यावरून चिलटांचा धूर उठला. तो खाली आला आणि सरळ मधल्या ताटावर बसला. शेजारी खरं पाणी होतं. तिकडं क्वचित एखादं वळलं. रेघांच्या ताटाकडं जवळपास एकही नाही.

"हा उजेड गाळणारा चष्मा लावा," नाझनीनबाई म्हणाल्या. "आणि मान तिरकी करून बघा."

रेश्मानं चष्मा लावून मान कलती केली, तशी काजळकाच तिच्या डोळ्यांदेखत फिकी आणि पुन्हा झगझगीत झाली. हिरवं पाणी फारसं बदललं नाही.

नाझनीनबाईंनी समजावून सांगितलं. उजेड म्हणजे लहर. ती दोरीसारखी वर-खाली हलते, आडवी हलते, कशीही हलते. पण गुळगुळीत पृष्ठभागावरून परतताना उजेड गाळला जातो आणि आडवा हलणारा तेवढा जास्त उरतो. माणसाच्या डोळ्याला हा फरक कळत नाही. पाण्यावर अंडी घालणाऱ्या किड्यांना कळतो. ते पाणी ओळखतात ते ओलाव्यावरून नाही, या आडव्या उजेडावरून. कोट्यवधी वर्षं त्यांची ही खूण कधी चुकली नाही, कारण जगात असा उजेड पाण्याखेरीज दुसरं काही फेकतच नव्हतं. गढूळ पाण्याच्या पोटातून थोडा साधा उजेडही वर येतो, त्यामुळं खूण जरा पुसट होते. काजळकाचेच्या पोटातून काहीच वर येत नाही. ती जितकी काळी, तितकी खूण चोख.

"म्हणजे किड्यांच्या लेखी तुमची छपरं पाण्याहून जास्त पाणी आहेत," त्या म्हणाल्या. "खरं तळं शेजारी असताना ती गावावर येऊन अंडी घालतात. सकाळच्या उन्हात ती अंडी वाळून जातात."

रेश्माचा हात आपसूक पदराकडे गेला आणि तिनं बोटं पुसली. "राखाडी थर," ती म्हणाली. "सायीसारखा."

"हो. तोच."

तीन उन्हाळे ती तो थर धुवून गटारात सोडत आली होती. पाळ्या लावून.

पांढऱ्या रेघांनी काळ्या पृष्ठभागाचे तुकडे पडतात, आणि तुकड्यांना किडे पाणी समजत नाहीत. विजेत घट यायची ती शंभरात तीन-चार भाग. पण रेघा ओढायच्या म्हणजे पृष्ठभाग निर्वेध राहत नव्हता.

रेश्मानं योजनेच्या जिल्हा कार्यालयात फोन लावला. पलीकडच्या माणसानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, तुमचं खरं असेल. पण नियमात अपवादाला जागाच ठेवलेली नाही. मी वर कळवतो."

"वरून उत्तर कधी येईल?"

"खरं सांगू? मलाही माहीत नाही."

मग ग्रामसभा झाली. नाझनीनबाईंनी ताटांचा प्रयोग पडद्यावर दाखवला. मागून कुणी तरी म्हणालं, "चिलटं जगवायला गावानं अंधारात बसायचं का?" हशा झाला. सोपानतात्या मल्लाव, भोईआळीतला सगळ्यात म्हातारा मासेमार, उठून म्हणाला, "हसू नका. आमच्या चुली विझल्यात." तेव्हा विजाक्का उभी राहिली.

"तात्या, मीही भोयाचीच लेक हाय. मासा मलाही कळतो. पण मासा गेला तवा आळीतल्या बायकांच्या हाताला काम कुणी दिलं? कारखान्यानं. आणि कारखाना चालतो अखंड छताच्या पैशावर. मासा परत येईल का, कधी येईल, ह्या बाई छातीवर हात ठेवून सांगतील का?"

नाझनीनबाईंनी मान हलवली. "नाही सांगू शकत. पाच वर्षंही लागतील. पण असेच आणखी दोन-तीन उन्हाळे गेले, तर मुरी आणि आंबळी या खाडीत परत येणारच नाहीत, एवढं सांगू शकते."

"मग पाच वर्षं ह्या बाया काय खातील, तेही सांगा," विजाक्का म्हणाली आणि खाली बसली.

हात वर झाले. रेघा ओढायच्या नाहीत असं ठरलं. भोईआळीतल्याही निम्म्या बायकांचे हात वर होते.

पुण्याला परतायच्या आदल्या दिवशी नाझनीनबाई सामान आवरत होत्या. रेश्मानं विचारलं, "नियम बदलायला काय लागेल?"

"पुरावा. ताटात केलेल्या प्रयोगावर सरकार नियम बदलत नाही. पाण्याकाठचं खरं छप्पर लागेल, रेघा ओढलेलं, आणि शेजारी बिनरेघांचं. दोन्हींवरची मोजदाद."

"माझं आहे की."

नाझनीनबाईंनी हातातली चाळणी खाली ठेवली. "रेश्मा, मी तुला कर असं म्हणणार नाही. मला पुण्याला जायचंय. तुला इथं राहायचंय."

रेश्मानं आठ-दहा दिवस तसेच काढले. तिला राहून राहून ओसरीच्या कोपऱ्यातली जाळी दिसत होती आणि भिंतीपलीकडून ऋचाशी फोनवर बोलणारी विजाक्का ऐकू येत होती. दोन्हींपैकी एकही गोष्ट खोटी नव्हती. शेवटी एका सकाळी ती पलीकडं गेली. विजाक्का कारखान्यात जायला निघाली होती.

"आक्का, मी उद्या माझ्या छपरावर रेघा ओढणार आहे."

विजाक्का तिच्याकडं बघत राहिली. "सभेत ठरलंय."

"ठरलंय. म्हणून तर आधी तुम्हाला सांगायला आले."

"ते छप्पर एकटीचं राहिलं न्हाई आता, रेश्मा. गावाचं हाय. तूच शिकवलंस आम्हाला. दारोदार फिरून."

"हो. आणि तेव्हा मला माहीत नव्हतं, ते आता माहीत झालंय."

"माझ्या पोरीचं शेवटचं वरीस राहिलंय गं." विजाक्काचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "एक वरीस थांब. पाया पडते तुझ्या."

रेश्मानं तिला वाकू दिलं नाही. "एक उन्हाळा थांबलं तर एक उन्हाळा जातो, आक्का. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाची पोरगी असेल. तेव्हाही थांबावंसं वाटेल."

"मग तुझ्या-माझ्यात काही राहिलं न्हाई," विजाक्का म्हणाली, आणि तिच्या अंगावरून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात रेश्मा गच्चीवर चढली. दोरी ताणून ती एकेक रेघ ओढत गेली, वीतभर अंतरानं, आधी आडव्या, मग उभ्या. खालून माणसं बघत होती. रणवरे सरपंच येऊन दोनदा हाका मारून गेले. तिनं हात थांबवला नाही. रंग पुरा झाल्यावर तिनं छतसखीचं ओळखपत्र गळ्यातून काढलं आणि स्वतः ग्रामपंचायतीत नेऊन दिलं.

छपरांची छायाचित्रं घेणारं योजनेचं ड्रोन दर महिन्याला यायचं. ते आलं, गेलं, आणि डोहगावचा अखंड छताचा दर्जा रद्द झाल्याचा निरोप आला. सवलत निम्म्यावर आली. जी उरली ती कंपनीनं केलेल्या खर्चापोटी वळती होणार होती. लोकांच्या घरची वीज तेवढी राहिली. गावाच्या हाती यायचा तो पैसा थांबला.

बर्फाच्या कारखान्यातली तीनपैकी दोन यंत्रं बंद पडली. शीतगृह एका व्यापाऱ्याला भाड्यानं द्यावं लागलं, आणि तो आपली माणसं घेऊन आला. बायका घरी बसल्या. ऋचा शेवटचं वर्ष सोडून आली आणि तालुक्याच्या एका दवाखान्यात मदतनीस म्हणून लागली. ती रस्त्यात दिसली की मान खाली घालून जायची. तिनं शिवी दिली असती तर रेश्माला बरं वाटलं असतं.

किराणा दुकानात तिला बघून बोलणं थांबायचं. नळावर तिची घागर बाजूला सरकवली जायची. तिनं भारतला फोनवर सगळं सांगितलं. तो तिची बाजू घेईल असं तिला कुठं तरी वाटत होतं.

"मी म्हटलं होतं का तुला?" तो म्हणाला. "वहिनीचं घर मोडून मला मासे नको होते."

"तुमच्यासाठी नाही केलं."

"मग कुणासाठी?"

"मीच धूत होते ना ते," ती म्हणाली. भारतला ते कळलं नाही, आणि तिनं पुन्हा सांगितलं नाही.

त्या उन्हाळ्याच्या उरलेल्या दिवसांत नाझनीनबाई पुण्याहून परत आल्या होत्या, आणि त्या व त्यांचे दोन विद्यार्थी रोज संध्याकाळी दोन्ही गच्च्यांवर मोजदाद करत होते. विजाक्कानं त्यांना आपल्या गच्चीवर येऊ दिलं, हे एक आश्चर्यच. "मोजा," ती म्हणाली होती, "ज्याच्यापायी एवढं झालं, ते खरं तरी हाय का ते कळू दे." ते खरं होतं. भिंतीला भिंत लागून असलेली दोन छपरं. एकावर अंड्यांचा थर, दुसरं स्वच्छ. पण एका छपरानं खाडीला काही फरक पडत नव्हता. गाळ तसाच काळा निघत होता. रेश्मा रोज ते बघायची. गावाचं नुकसान पुरतं झालं होतं आणि तळ्याचा फायदा शून्य.

पावसाळ्यानंतर एके दिवशी सोपानतात्या तिच्या दारात आला. आत आला नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "त्यो पांढरा रंग उरलाय का?"

"कशाला तात्या?"

"कशाला म्हंजी? माझ्या छपराला." मग हात झटकत, "दर्जा तर गेलाच. आता आमी रेघा मारल्या काय, न्हाई काय, कुणाचं काय जातंय? चार दिवे कमी जळतील माझे."

हे रेश्माच्या ध्यानात आलं नव्हतं. सगळ्यांना बांधून ठेवत होता तो दर्जा. कुणी एकानं रेघ ओढली तर सगळ्यांचं जाणार, म्हणून कुणीच ओढत नव्हतं. तिनं तो मोडला, आणि बांधलेली माणसं मोकळी झाली. तिच्यावर चिडून झाली, तिला नावं ठेवत झाली, पण झाली. आधी मल्लावांची तीन घरं, मग निम्मी भोईआळी. पाण्यालगतची छपरं तीच होती. चिलटं पहिल्यांदा गाठायची ती तीच. वरच्या वस्तीनं रेघा ओढल्या नाहीत. तिथं त्याची गरजही फारशी नव्हती.

पुढल्या वर्षी नाझनीनबाईंचा निष्कर्ष सरकारनं मान्य केला. मोठ्या पाण्याच्या काठावरच्या गावांना रेघांची मुभा मिळाली, अखंड छताचा दर्जा न जाता. काठावरची चाळीसेक गावं आपापल्या छपरांवर रेघा ओढू लागली आणि त्यांची सवलत दुप्पटच राहिली. डोहगावला मात्र तो दर्जा परत मिळाला नाही. अट मोडली तेव्हा नवा नियम नव्हता, म्हणून पाच वर्षं पुरी करायचीच होती. रेश्मा आणि रणवरे सरपंच दोघं मिळून जिल्ह्याला जाऊन आले. हात हलवत आले. परतीच्या वाटेवर सरपंच एवढंच म्हणाले, "दुसऱ्यांचं भलं झालं म्हणायचं."

दिवाळीत भारत घरी आला. त्यानं होडी सुलटी केली, डांबर लावलं, पहाटे खाडीत गेला आणि ऊन वर यायच्या आत परतला. डब्यात बोटभर मुरीचा एक लहानसा घोळका होता.

"आल्यात," तो म्हणाला. "पण एवढ्यात हात लावायचा नाही त्यांना. वाढू द्यायच्या. अजून तीन-चार वर्षं तरी पोट भरणार नाही यावर." त्यानं डबा पाण्यात रिता केला. भाऊबीज झाल्यावर तो चाकणला निघून गेला. होडी सोपानतात्याला वापरायला दिली.

त्यानंतर दोन वर्षांनी, मार्गशीर्षात एका सकाळी तात्यानं घाईनं निरोप पाठवला. रात्रीत जाळ्यात वाम लागली होती, बरीच. इंदापूरच्या बाजाराला न्यायची तर बर्फ हवा होता. जाळं ओढून तात्याची कंबर धरली होती आणि त्याची मुलं पुण्याला. रेश्मा हातगाडी घेऊन कारखान्यावर गेली. दारात पाऊल टाकायची तिची ती तीन वर्षांतली पहिलीच वेळ.

विजाक्का एकटीच होती. उरलेलं एक यंत्र घरघरत होतं. रेश्माला बघून ती जागची हलली नाही.

"तात्याला वाम लागलीय," रेश्मा म्हणाली. "एक पेटी बर्फ हवा होता."

विजाक्का आत गेली. लोखंडी साच्यातून लादी सुटल्याचा आवाज आला, मग घण मारल्याचे. पेटी भरून तिनं ती उंबऱ्यापर्यंत फरपटत आणली आणि हात पुसत उभी राहिली.

"ऋचानं कॉलेजला अर्ज केला होता परत," ती म्हणाली. "घेतलं न्हाई. खंड पडला म्हणाले. पयल्यापासनं करा म्हणाले."

रेश्मानं हातगाडी उंबऱ्याशी आणून लावली.

"करणार हाय ती," विजाक्का म्हणाली. "पयल्यापासनं. दवाखान्यात साठवलंय तिनं थोडं." "मी तुला माफ केलेलं न्हाई, रेश्मा. करीन असं वाटतबी न्हाई."

"नका करू."

बर्फाचं पाणी पेटीच्या फटीतून ठिबकून उंबऱ्यावर पसरत होतं. रेश्मा वाकली आणि पेटीची कडी धरून उचलू लागली. पेटी एका बाजूनं वर आली आणि जड होऊन पुन्हा टेकली.

"अशी एकटीनं उचलतात व्हय," विजाक्का म्हणाली. तिनं पदर खोचला, दुसरी कडी धरली, आणि दोघींनी मिळून पेटी गाडीवर चढवली.